मकारिओस : बहुमताचा नायक, फाळणीचा साक्षीदार

राजधानी दिल्लीत गोल्फ लिंक्सच्या परिसरातील एका रस्त्याला आर्चबिशप मकारिओस यांचे नाव आहे. सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या अनेकांच्या तो रोजच्या येण्याजाण्यातला आहे. परंतु एका परदेशी धर्मगुरूचे नाव येथे कसे आले, याचा विचार क्वचितच कोणी करतो. जून २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना निकोशिया येथे सायप्रसचा जो सर्वोच्च सन्मान प्रदान करण्यात आला, तोही याच मकारिओस यांच्या नावाचा. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकावरील या बेटाचे ते पहिले राष्ट्राध्यक्ष, आणि त्याच वेळी तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख होते.

सायप्रस १९७४ पासून दुभंगलेले आहे. दक्षिणेत ग्रीकभाषक, उत्तरेत तुर्कीभाषक आणि मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा पहारा. बेट पुन्हा एकत्र आणण्यासाठी आजवर झालेल्या वाटाघाटी अनेक मुद्द्यांवर अडल्या. त्यांतील दोन प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढे आले. लोकसंख्येने असमान असलेल्या दोन समाजांनी सत्ता कशी वाटून घ्यावी, हा पहिला. ज्यांना घरदार सोडून पळावे लागले त्यांच्या जमिनीवर आज हक्क कोणाचा, हा दुसरा. या दोन्ही गाठी मकारिओस यांच्या कारकिर्दीत बसल्या आणि त्या सोडवण्याच्या पहिल्या लेखी सूत्रांना संमतीही त्यांनीच दिली. म्हणूनच त्यांचे चरित्र हे या प्रश्नाचे चरित्र ठरते.

मठातून राजकारणात

मिखाईल मुस्कोस हे त्यांचे मूळ नाव. पाफोस जिल्ह्यातील पानो पनायिया या डोंगराळ गावात १३ ऑगस्ट १९१३ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते किक्कोसच्या प्रसिद्ध मठात दाखल झाले. मठाने त्यांना निकोशियात शिकवले आणि पुढे अथेन्स विद्यापीठात पाठवले. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलाची वर्षे त्यांनी अथेन्समध्येच काढली. धर्मशास्त्राबरोबर कायद्याचाही अभ्यास झाला. युद्धानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत बोस्टन विद्यापीठात शिकत असताना, १९४८ मध्ये, कितिओनचे बिशप म्हणून त्यांची निवड झाली. ऑक्टोबर १९५० मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, ते सायप्रसचे आर्चबिशप झाले.

हे पद केवळ धार्मिक नव्हते. ऑटोमन साम्राज्याने १५७१ मध्ये बेट जिंकल्यानंतर ख्रिस्ती प्रजेचा कारभार धर्मपीठामार्फत चालवण्याची पद्धत ठेवली होती. त्यामुळे आर्चबिशप हाच ग्रीक समाजाचा लौकिक प्रमुखही मानला जाई. तांबड्या शाईने सही करण्याचा आणि राजदंड धारण करण्याचा मान या पदाला परंपरेने होता. चर्च आणि मठ हे बेटावरील सर्वांत मोठे जमीनदार होते. १८७८ मध्ये बेटाचा कारभार ब्रिटिशांकडे गेला, १९२५ मध्ये ते ब्रिटनची वसाहत झाले. तरी धर्मपीठाचे हे राजकीय वजन टिकून राहिले. मकारिओस यांना मिळालेले सिंहासन असे दुहेरी होते. त्यांची ताकद त्यातून आली आणि मर्यादाही त्यातूनच आली. कारण त्या सिंहासनाची निष्ठा संपूर्ण बेटाशी नव्हे, तर त्यातील एका समाजाशी होती.

त्या समाजाची त्या काळातील मागणी स्वातंत्र्याची नव्हतीच. ती होती एनोसिसची, म्हणजे ग्रीसमध्ये विलीन होण्याची. जानेवारी १९५० मध्ये चर्चने पुढाकार घेऊन ग्रीक समाजाचे जनमत नोंदवले, तेव्हा सुमारे ९६ टक्के सह्या एनोसिसच्या बाजूने पडल्या. या मोहिमेत मकारिओस अग्रभागी होते. बेटावरील सुमारे १८ टक्के तुर्की समाजाला याविषयी काय वाटते, हा प्रश्न तेव्हा कोणी गांभीर्याने विचारला नाही.

१ एप्रिल १९५५ रोजी कर्नल जॉर्ज ग्रिवास यांच्या एओका या संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा पुकारला. त्याच महिन्यात मकारिओस बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी परिषदेस निरीक्षक म्हणून उपस्थित होते. एका हाताने परिषदांतून सहानुभूती मिळवायची आणि दुसरा हात लढ्याच्या पाठीशी ठेवायचा, ही त्यांची पद्धत येथून दिसू लागते. गव्हर्नर हार्डिंग यांच्याशी त्यांची बोलणी फिसकटली आणि मार्च १९५६ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. वर्षभराने सुटका झाली, पण मायदेशी परतण्यास मनाई होती. या काळात ब्रिटिशांनी पोलीस दलात तुर्की तरुणांची मोठी भरती केली आणि तुर्की समाजातून तक्सिमची, म्हणजे फाळणीची, मागणी पुढे आली. १९५८ च्या उन्हाळ्यात दोन्ही समाजांत रक्तपात झाला. एनोसिसचा हट्ट धरला तर पदरात फाळणी पडेल, हे मकारिओस यांनी ओळखले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिश खासदार बार्बरा कासल यांच्याशी बोलताना त्यांनी स्वतंत्र सायप्रसची कल्पना मान्य केली. भारताने संयुक्त राष्ट्रांत कृष्ण मेनन यांच्यामार्फत स्वातंत्र्याचाच आग्रह धरला होता. त्या भूमिकेशी आता मकारिओस जुळले.

न पटलेली घटना

स्वातंत्र्याचा आराखडा मात्र सायप्रसमध्ये तयार झाला नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये झुरिच येथे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या पंतप्रधानांनी तो ठरवला आणि लंडनच्या परिषदेत तो मकारिओस यांच्यापुढे ठेवला गेला. एक रात्र त्यांनी नकारात काढली. ग्रीसच्या सरकारने दबाव आणला. १९ फेब्रुवारीस त्यांनी संमती दिली. ही संमती मनापासून नव्हती, हे पुढील प्रत्येक घटनेवरून स्पष्ट होत गेले.

१६ ऑगस्ट १९६० रोजी अमलात आलेली ती राज्यघटना घटनाशास्त्राच्या अभ्यासकांना आजही चकित करते. राष्ट्राध्यक्ष ग्रीक आणि उपराष्ट्राध्यक्ष तुर्की. दोघांनाही परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि सुरक्षा यांत नकाराधिकार. मंत्रिमंडळात सात ग्रीक आणि तीन तुर्की. प्रतिनिधिगृहाच्या ५० जागांपैकी ३५ ग्रीक आणि १५ तुर्की. कर, नगरपालिका आणि निवडणूक कायद्याविषयीच्या विधेयकांना दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत आवश्यक. प्रशासनात ७० आणि ३०, तर दोन हजारांच्या सैन्यात ६० आणि ४० असे प्रमाण. पाच मोठ्या शहरांत दोन समाजांच्या वेगवेगळ्या नगरपालिका. घटना न्यायालयाचा अध्यक्ष परदेशी. शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान ही हमीदार राष्ट्रे. त्यांना हस्तक्षेपाचा अधिकार. ग्रीसचे ९५० आणि तुर्कस्तानचे ६५० सैनिक बेटावर, आणि ९९ चौरस मैलांचे दोन लष्करी तळ ब्रिटनच्या सार्वभौम ताब्यात.

ग्रीकांच्या दृष्टीने हा अन्याय होता. १८ टक्क्यांना ३० टक्के नोकऱ्या आणि वर नकाराधिकार, हे बहुमताच्या लोकशाहीत कसे बसते, असा त्यांचा सवाल होता. तुर्की समाजाच्या दृष्टीने हे किमान संरक्षण होते. आपण अल्पसंख्य नाही, तर राज्याचे सहसंस्थापक आहोत, अशी त्यांची धारणा होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. अशी घटना चालायची तर तिच्या शब्दांपेक्षा ती राबवणाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा अधिक लागतो. तो कोणत्याच बाजूने दिसला नाही.

डिसेंबर १९५९ च्या निवडणुकीत सुमारे दोन तृतीयांश मते मिळवून मकारिओस राष्ट्राध्यक्ष झाले, डॉ. फाजिल कुचुक उपराष्ट्राध्यक्ष झाले. लवकरच एकेक चाक रुतू लागले. नोकरभरतीतील ३० टक्क्यांची पूर्तता रेंगाळली, म्हणून तुर्की सदस्यांनी कर विधेयके रोखली. सैन्यात तुकड्या मिश्र असाव्यात असे मकारिओस यांचे मत, तर त्या वेगळ्या असाव्यात असे कुचुक यांचे. १९६१ मध्ये कुचुक यांनी नकाराधिकार वापरला आणि सैन्य उभेच राहिले नाही. नगरपालिकांचा वाद घटना न्यायालयात गेला. एप्रिल १९६३ मध्ये न्यायालयाने दोन्ही बाजूंचे निर्णय रद्द ठरवले. पुढच्याच महिन्यात न्यायालयाचे जर्मन अध्यक्ष अर्न्स्ट फोर्स्टहॉफ यांनी पद सोडले. लवाद करणारा शेवटचा तटस्थ माणूस अशा रीतीने निघून गेला.

३० नोव्हेंबर १९६३ रोजी मकारिओस यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या. दोघांचेही नकाराधिकार रद्द करणे, वेगळ्या बहुमताची अट काढणे, नगरपालिका व न्यायालये एकत्र करणे आणि नोकऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येप्रमाणे ठेवणे, हा त्यांचा गाभा. प्रशासकीय तर्काने पाहिल्यास त्यांतील काही रास्त होत्या. राजकीय अर्थ मात्र एकच होता : भागीदारीचे राज्य बहुमताचे राज्य व्हावे. तुर्कस्तानने त्या फेटाळल्या. २१ डिसेंबरच्या पहाटे निकोशियात गोळीबार झाला आणि दोन्हीकडील सशस्त्र टोळ्या रस्त्यावर उतरल्या. ३० डिसेंबर रोजी ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. आजची ग्रीन लाइन ती हीच.

पहिले विस्थापित

मालमत्तेच्या प्रश्नाची सुरुवात सहसा १९७४ पासून सांगितली जाते. वस्तुतः ती दहा वर्षे आधी झाली. १९६३-६४ च्या हिंसाचारात सुमारे २५ हजार तुर्की सायप्रसवासी आपली गावे सोडून सशस्त्र वस्त्यांच्या आश्रयाला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत १०९ गावांतील नुकसानीची नोंद झाली. ५२७ घरे पूर्ण उद्ध्वस्त झाली होती. या कोंडलेल्या वस्त्यांत सिमेंट, लोखंड, इंधन अशा वस्तू नेण्यावर मकारिओस सरकारने १९६८ पर्यंत निर्बंध ठेवले. तुर्की मंत्री, खासदार आणि नोकरदार सरकारबाहेर गेले. त्यांना हाकलले की ते स्वतः निघाले, यावर दोन्ही समाजांचे इतिहास आजही वेगळे बोलतात.

मुत्सद्देगिरीत मात्र मकारिओस यांनी मोठा विजय मिळवला. ४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८६ संमत करून शांतिसेना पाठवली आणि त्यात सायप्रस सरकार असा उल्लेख केला. ते सरकार आता केवळ ग्रीकांचे उरले होते, तरी जगाने मान्यता त्यालाच दिली. या शांतिसेनेशी भारताचा जवळचा संबंध आहे. तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी होते. त्यांच्यानंतर आलेले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांचे १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच कर्तव्यावर असताना निधन झाले. १९७४ च्या युद्धात निकोशियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेणारे सेनापती दिवाण प्रेमचंद हेही भारतीयच.

अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत मकारिओस यांना नेहरू, नासर, टिटो यांच्या पंक्तीत स्थान मिळाले. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेपासून सायप्रस त्या चळवळीचा सदस्य होता. शीतयुद्धातील दोन्ही गटांना एकमेकांविरुद्ध खेळवून बेटावर तुर्कस्तानचा हल्ला रोखण्यात ते दहा वर्षे यशस्वी झाले. परंतु बाहेरच्या जगाला जिंकणारा हा नेता घरातील १८ टक्क्यांना जिंकू शकला नाही. किंबहुना बाहेरचा विजय हाती होता म्हणूनच घरातील समझोत्याची निकड त्यांना भासली नाही.

१९६७ मध्ये अथेन्समध्ये लष्करशहा सत्तेवर आले. अशा ग्रीसमध्ये विलीन होण्यात काय हशील, हे मकारिओस यांना उमगले. जानेवारी १९६८ मध्ये, इष्ट आणि शक्य या दोहोंत फरक करावा लागतो, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली आणि त्या भूमिकेवर फेब्रुवारीत ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी ते पुन्हा निवडून आले. जूनमध्ये ग्लाफकोस क्लेरिडीस आणि रौफ डेंकताश यांच्यात वाटाघाटी सुरू झाल्या. दोघेही लंडनमध्ये शिकलेले वकील, जुने परिचित. तुर्की बाजू १९६० च्या घटनेतील काही अधिकार सोडण्यास तयार झाली. बदल्यात तिला स्थानिक स्वायत्तता हवी होती. क्लेरिडीस यांचा कल समझोत्याकडे होता. मकारिओस यांनी स्वायत्ततेत फाळणीचे बीज पाहिले आणि हात आखडता घेतला. ही संधी दवडल्याची खंत क्लेरिडीस यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवली आहे.

स्वकीयांचा घाव

मकारिओस यांच्यावर अखेरचा वार तुर्कांनी नव्हे, तर ग्रीकांनी केला. एनोसिस सोडणे हा अतिरेकी राष्ट्रवाद्यांच्या लेखी द्रोह होता. ८ मार्च १९७० रोजी त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. वैमानिक जबर जखमी झाला, मकारिओस बचावले. ग्रिवास यांनी गुप्तपणे परतून एओका-बी उभी केली. १९७२ मध्ये त्यांच्याच चर्चमधील तीन बिशपांनी त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडावे अशी मागणी केली. २ जुलै १९७४ रोजी मकारिओस यांनी ग्रीसच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून नॅशनल गार्डमधील ग्रीक अधिकारी परत बोलावण्यास सांगितले. १५ जुलै रोजी त्याच अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर रणगाडे घातले आणि निकोस सॅम्पसन यांना गादीवर बसवले. मकारिओस मागील बाजूने निसटून पाफोसला पोहोचले आणि ब्रिटिश तळावरून माल्टामार्गे लंडनला गेले. १९ जुलै रोजी सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ग्रीसवर आक्रमणाचा आरोप ठेवला.

दुसऱ्याच दिवशी, हमीदार राष्ट्राच्या अधिकाराचा आधार घेत, तुर्कस्तानचे सैन्य कायरेनियाच्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत अथेन्सची लष्करी राजवट आणि सॅम्पसन दोघेही गेले. हस्तक्षेपाचे कारण तेथेच संपत होते. तरीही १४ ऑगस्ट रोजी तुर्की सैन्याने दुसरी चढाई केली आणि बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग व्यापला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे पळाले. पुढील वर्षभरात ४० हजारांहून अधिक तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले. फामागुस्ताचा वरोशा हा हॉटेलांचा भाग काटेरी तारांत बंद झाला. एका उन्हाळ्यात संमिश्र बेट दोन एकजिनसी तुकड्यांत विभागले गेले.

चार सूत्रे

७ डिसेंबर १९७४ रोजी मकारिओस परतले. प्रचंड गर्दीने त्यांचे स्वागत केले, पण त्या गर्दीत निर्वासित मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये डेंकताश यांनी उत्तरेत वेगळे संघटित राज्य जाहीर केले. हताशपणे वाट पाहण्यापेक्षा दीर्घ संघर्षाची भाषा बोलणे सोपे होते आणि मकारिओस ती बोललेही. परंतु १९७७ च्या जानेवारीत त्यांनी अनेक वर्षांनी डेंकताश यांची समोरासमोर भेट घेतली आणि १२ फेब्रुवारी रोजी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांच्या उपस्थितीत, चार मार्गदर्शक सूत्रांवर दोघांचे एकमत झाले.

पहिले सूत्र : स्वतंत्र, अलिप्त, द्विसमाजीय संघराज्य. दुसरे : प्रत्येक समाजाच्या प्रशासनाखालील भूभाग आर्थिक क्षमता, उत्पादकता आणि जमिनीची मालकी लक्षात घेऊन ठरवावा. तिसरे : संचार, वास्तव्य आणि मालमत्ता यांचे हक्क चर्चेस खुले राहतील; मात्र संघराज्याची द्विसमाजीय बैठक आणि तुर्की समाजाच्या व्यावहारिक अडचणी ध्यानात घेतल्या जातील. चौथे : केंद्राचे अधिकार देशाची एकता राखण्याइतके असावेत.

यातील तिसऱ्या सूत्राचे महत्त्व सर्वाधिक. ज्याने १९६३ मध्ये दोन नगरपालिकाही असह्य मानल्या, त्याने १९७७ मध्ये संघराज्य मान्य केले. आणि घरी परतण्याचा हक्क निरपवाद राहणार नाही, हेही सूचित होऊ दिले. इतकी कडू गोष्ट आपल्या समाजाला पचवून देण्याचा अधिकार कोणापाशी असेल, तर तो त्यांच्यापाशीच होता. पण ३ ऑगस्ट १९७७ रोजी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वयाची ६४ वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस उरले होते. किक्कोसच्या मठाजवळ थ्रोनी येथे, त्यांनी स्वतः निवडलेल्या जागी, त्यांचे दफन झाले.

त्यानंतर सूत्रे कागदावर राहिली आणि जमिनीवर नवे हक्क उगवले. उत्तरेत दक्षिणेतील मालमत्ता सोडून आलेल्यांना ग्रीकांची घरे व शेते मोबदल्यात मिळाली. तुर्कस्तानातून आलेल्यांनाही ती दिली गेली. दक्षिणेत तुर्कांची मालमत्ता सरकारच्या ताब्यात राहून निर्वासितांच्या वापरात आली, मूळ मालकी मात्र कागदोपत्री कायम राहिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये लोइझिदू खटल्यात मूळ मालकाचा हक्क अबाधित असल्याचा निर्वाळा दिला. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये उत्तरेतील मालमत्ता आयोगाचा मार्ग ग्राह्य धरला आणि इतक्या वर्षांनंतर सध्याच्या रहिवाशांच्या स्थितीकडेही दुर्लक्ष करता येत नाही, अशी भूमिका घेतली. एप्रिल २००४ मध्ये अन्नान योजनेवर सार्वमत झाले. त्या योजनेत मालमत्तेचा काही भाग परत करणे आणि उरलेल्यासाठी भरपाई देणे असा तोडगा होता. तुर्की समाजातील ६५ टक्क्यांनी होकार दिला; ग्रीक समाजातील ७६ टक्क्यांनी नकार दिला. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथील बोलणीही फसली. २०२० मध्ये उत्तरेत दोन राज्यांचा पुरस्कार करणारे एर्सिन तातार निवडून आले, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये संघराज्याचा पुरस्कार करणारे तुफान एर्हुर्मान यांनी त्यांचा पराभव केला. १९७७ चे सूत्र त्यामुळे पुन्हा चर्चेत आले.

मकारिओस यांचे मूल्यमापन करताना त्यांच्या अडचणी विसरता येत नाहीत. घटना बाहेरून लादलेली होती, हमीदार स्वार्थी होते आणि अथेन्समधील सैनिक विश्वासघातकी निघाले. तरीही १९६० ते १९७४ या काळात बहुमत, मान्यता आणि लोकप्रियता या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती होत्या. आपण एका समाजाचे धर्मप्रमुख आहोत की सर्व नागरिकांचे राष्ट्राध्यक्ष, या प्रश्नाचा निवाडा त्यांनी त्या काळात केला नाही. तुर्की समाजाला तेव्हा स्थानिक स्वायत्ततेपुरते द्यावे लागले असते; नंतर त्यांच्याच वारसदारांना संघराज्य, राजकीय समता आणि मालमत्तेच्या हक्कावरील मर्यादा या सर्वांवर बोलणी करावी लागली. समझोत्याची किंमत दरवर्षी वाढत जाते आणि ती ज्यांची घरे गेली त्यांनाच मोजावी लागते. मकारिओस यांनी आयुष्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत हे कागदावर मान्य केले. ते वागणुकीत उतरवण्यासाठी त्यांच्यापाशी आधीची १४ वर्षे होती.